बिनगाठीचा दोर

यंदा तळ्याने दगा दिला. दरवर्षी आम्ही तागाच्या पेंढ्या तळ्यात दाबून ठेवतो, वर दगड टाकतो, आणि साल सुटायला लागली की बाहेर काढतो. यंदा पाणी आटलं, उरलं ते तापलं, आणि ताग नुसता भिजायचा तो कुजला. पेंढी उचलली की हातात काळा चिकट लगदा यायचा. वास तर असा, की शेजारची सुतारीण नाकाला फडकं लावून भांडायला आली. मी म्हटलं, "बाई, तुझा भुसा उडतो तेव्हा मी शिंकते. बोलते का कधी काही?" ती गेली, पण वास काही गेला नाही. आमच्या अंगाला, केसांना, अंथरुणाला आणि पोरीच्या दप्तराला तो चिकटूनच राहिला.

पोरगी आम्हाला एकच. नाव तिचं हौसेने ठेवलंय, पण अंगाने इतकी काडी की सगळे बारकीच म्हणतात. शाळेत जायच्या आधी ती चाक फिरवते. मी ताग विंचरते, आणि आमचे हे कमरेला तागाचा पुंजका बांधून, बोटांतून धागा सोडत अंगणाच्या त्या टोकापर्यंत मागे मागे चालत जातात. दोर वळणारा माणूस जन्मभर मागेच चालतो. सासूबाई होत्या तेव्हा म्हणायच्या, "माझा मुलगा पुढे जायचा नाही, त्याचा धंदाच तसा आहे." हे ऐकून घ्यायचे. ऐकून घेण्यात आमच्या ह्यांचा हात धरणारा कुणी नाही.

आमच्या घरात एक रीत आहे, सासऱ्यांपासूनची. चांगला दोर वळून झाला की त्याच्या शेवटाला घट्ट गाठ मारायची आणि तो पुढच्या भिंतीवर टांगायचा. दोर कच्चा निघाला तर शेवट मोकळा ठेवायचा, गाठ मारायची नाही, आणि मागच्या भिंतीवर टाकायचा. गिऱ्हाइकाला तो दाखवायचासुद्धा नाही. पुढे सवड मिळाली की तो तोडून, पिंजून गाद्यांत भरायला द्यायचा. बिनगाठीच्या दोराला ओझं लावायचं नाही, हे आमच्या घरात रांगतं पोरही जाणतं. यंदा पुढची भिंत जवळजवळ उघडी पडली होती आणि मागची भरून वाहत होती.

शाळेतला त्रास त्या वासापासून सुरू झाला. बारकी एक दिवस घरी आली ती ओलीचिंब. वर ढग नाही, पाऊस नाही.

"काय झालं गं?"

"नळाखाली पडले."

"दप्तरासकट?"

ती दप्तर पिळत राहिली. मग कुणी तिच्या पाठीवर खडूने 'कुजकी' लिहिलं. मग डब्यात माती निघाली. ही सगळी करणी गिरणीवाल्याच्या थोरलीची, हे मला सुतारणीकडून कळलं. ती वरच्या वर्गात, अंगापिंडाने चांगली भरलेली, बापासारखी पोती उचलेल अशी. सगळी शाळा तिला ताईसाहेब म्हणायची. दोघी-चौघी शेपटासारख्या मागे.

मी शाळेत गेले. मोठ्या बाईंनी मला बसा म्हटलं, पण आपली खुर्ची थोडी मागे सरकवली. ते मला दिसलं.

"मुलं आहेत, चिडवाचिडवी चालायचीच," त्या म्हणाल्या. "आपण लहानपणी नाही का केली? आणि हे पाहा, राग मानू नका, तिला जरा नीट आंघोळ घालून पाठवत जा."

"रोज घालते," मी म्हटलं. घरी तोंडाचा पट्टा चालतो माझा, पण तिथे त्या टेबलासमोर माझेच हात मला नकोसे झाले. काळी नखं मी मुठीत लपवली आणि परत आले.

मी शाळेत गेल्याचं दुसऱ्या दिवशी पोरांना कळलं. त्या दिवसापासून बारकी तक्रारच करेना. मला वाटलं, मिटलं असेल. पण मिटलं नव्हतं, पोरीचं बोलणंच बंद झालं होतं. ताटावर बसायची आणि घास तोंडात तसाच ठेवायची. बाहेर कुणी हाक मारली की दचकायची. सकाळी चाकाशी उभी राहिली की मान सारखी फाटकाकडे. पोटात दुखतं म्हणायची, आणि पोट दाबून बघावं तर मऊच्या मऊ.

एके सकाळी हे मागे चालत चाकापासून अर्ध्या अंगणात पोचले होते. बारकीने चाक थांबवलं.

"बाबा, कुजक्या तागाचा दोर किती ओझं पेलतो?"

"अगं फिरव, फिरव, पीळ सुटेल!" हे ओरडले. मग चाक परत फिरायला लागल्यावर म्हणाले, "शेळी बांधावी. म्हैस बांधू नये."

"आणि माणूस?"

"माणसाला कशाला बांधायचंय?" हे हसले.

"लहान असलं तर? अगदी लहान?"

"एकदा पेलेल, दोनदा पेलेल. तिसऱ्यांदा कुठला पेड तुटेल ते देवालाच ठाऊक. बाहेरून चांगला दिसतो, आतून पीठ झालेलं असतं."

बारकी चाक फिरवत राहिली. चाक मात्र नीट फिरेना, सारखा झटका बसत होता. मी ताग विंचरता विंचरता तिच्याकडे पाहिलं. तोंड पांढरं पडलं होतं. मी म्हटलं, "आज राहा घरी." तर म्हणाली, "नको आई, आज गेलंच पाहिजे." जी पोरगी शाळेचं नाव काढलं की पोट धरायची, ती स्वतःहून दप्तर उचलून चालू लागली. मला बरं वाटायला हवं होतं. नाही वाटलं.

हे तळ्यावर गेले. मी कोयता घेऊन मागच्या भिंतीशी बसले, कच्चे दोर तोडायला. एकेक ओढते आहे, तोडते आहे, आणि ध्यानात आलं की तो लांब दोर दिसत नाही. यंदाचा पहिलाच फसलेला होता तो, विहिरीला पुरेल एवढा लांब, म्हणून चांगला आठवणीत होता. त्याच्या खुंटीखाली जमिनीवर तागाचे थोडे कापलेले धागे पडले होते. आमच्या घरात दोराच्या शेवटाला गाठ मारताना जास्तीचे धागे असेच कापून टाकतात. म्हणजे कुणीतरी इथे बसून त्या कच्च्या दोराला गाठ मारली होती, चांगला दिसावा म्हणून. आणि आमची गाठ या घराबाहेर कुणाला येत नाही.

सकाळचं तिचं बोलणं एकेक करून आठवायला लागलं. माणूस. लहान असलं तर. अगदी लहान.

तेवढ्यात फाटकाशी शिंप्याचा धाकटा दिसला. पहिलीतलं पोर, जीभ जड, म्हणून सगळे त्याला बोबड्या म्हणतात. धावून धावून त्याला धाप लागली होती आणि नाकाचं पाणी तोंडात चाललं होतं.

"कातू, बालकीला... बालकीला पाताळ दाखवतात!"

"कुठे?"

"शालेच्या मागे. मला दाखवनाल होते. ती म्हनाली दोल कच्चा आहे, याला उतलवू नका. मग ताईसाहेब म्हनाली, मग तूच उतल."

मी उठले. पुढच्या भिंतीवरचा जाड दोर कधी ओढला, खांद्यावर कधी टाकला, मला आठवत नाही. चपला घातल्याच नाहीत. रस्त्यात न्हाव्याने विचारलं, "काय हो, काय झालं?" मी म्हटलं असेन काही, किंवा नसेनही. दोर पायात येत होता आणि तोंडातून नुसतं "थांब गं, थांब गं" निघत होतं. इतकी भ्याले मी आयुष्यात कधी नव्हते. पोरगी जन्मली तेव्हा उलटी होती, तेव्हासुद्धा नाही.

शाळेच्या मागे जुनी कोरडी विहीर आहे. कठडा एका बाजूने ढासळलेला. शेजारी एक झाड, आणि पुढे शाळेची मागची भिंत, तिला खिडकी नाही. पोरं तिथे जाऊन काय करतात ते कुणाला दिसायचं कारणच नव्हतं.

मला वाटलं होतं तिथे घोळका असेल. कुणी नव्हतं. एकटी गिरणीवाल्याची थोरली होती. दोराचा कमरेला वेढा, दोन्ही पाय कठड्याला टेकवलेले, अंग मागे झोकून ती दोर धरून बसली होती. तोंड लाल, डोळ्यांतून पाणी. दोर कठड्याच्या दगडावरून आत गेला होता आणि तिथे त्याचा एक पेड तुटून फुलासारखा पिंजला होता.

"काकू," ती म्हणाली, "सगळ्या पळून गेल्या. तडकन आवाज आला आणि पळाल्या. मला वर ओढता येत नाही. ओढलं की दगडावर घासतो. काकू, मला पेलवत नाही."

मी वाकून आत पाहिलं. बारकी मधेच लोंबत होती, काखेखालून दोर बांधलेला. खाली बघितलं तर दगडच दगड. तिने डोळे गच्च मिटले होते आणि हात अंगाशी धरले होते.

"बारके!"

"आई, मी हलणार नाही," ती खालून अगदी हळू म्हणाली. "हलले की पेड सुटतो."

माझी पोर. तिला सगळं माहीत होतं. कुठला दोर आहे, कुठे तुटणार आहे, सगळं माहीत असून ती श्वाससुद्धा जपून घेत होती.

मी चांगल्या दोराचं एक टोक झाडाला बांधलं. दुसऱ्या टोकाला अंग मावेल असा गोल गाळा केला, न सरकणारा. जी गाठ मी झोपेत मारीन ती दोनदा चुकली. मागून दुसरा पेड तुटल्याचा आवाज आला. थोरली किंचाळली.

"सोडलंस तर जिवंत ठेवणार नाही," हे माझ्या जिभेवर आलं होतं. मी तिच्याकडे पाहिलं. तिच्या तळव्यांची कातडी निघाली होती आणि दोर रक्ताने ओला झाला होता. तिने सोडलं की संपलं. माझ्या पोरीचा जीव त्या हातांत होता आणि मला त्या हातांशी गोड बोलायचं होतं.

"बाळ," मी म्हटलं, "पाय घट्ट टेकव. खाली बघू नकोस, माझ्याकडे बघ. मी आले आहे ना? शहाणी गं माझी ती. थोडंच."

ती मान हलवत होती आणि रडत होती. मी गाळा खाली सोडला. तो भिंतीला धडकत धडकत बारकीच्या डोक्यापाशी आला.

"बारके, डोळे उघड. हा पुढच्या भिंतीवरचा आहे. बघ, गाठ कुणाची आहे?"

तिने डोळे उघडले. "बाबांची."

"डावा हात हळूच वर घे. गाळ्यात घाल. घातलास? आता डोकं. आता दुसरा हात."

दुसरा हात आत गेला, गाळा काखेखाली बसला, आणि वरचा कच्चा दोर तुटला. थोरली मागे उताणी पडली. झाडाला बांधलेला दोर करकरला, ताणला आणि थांबला. बारकी भिंतीवर आपटली, ओरडली, पण लोंबत राहिली. मी ओढायला लागले. थोरली उठली आणि तिने माझ्या मागे दोर धरला, त्या सोललेल्या हातांनी. आम्ही दोघींनी मिळून तिला वर काढलं.

मग मी थोरलीवर हात उगारला. खोटं कशाला सांगू, मला तिला बडव बडव बडवायचं होतं. ती मागे सरली नाही. नुसती डोळे मिटून उभी राहिली, मार खायची सवय असलेल्यासारखी. माझा हात खाली आला. बारकीला कडेवर घेऊन मी घरी निघाले. एवढी मोठी पोरगी, पण खाली ठेववेना मला.

घरी तिच्या काखेखाली मी तेल लावलं. दोन्हीकडे दोराचा लाल वळ उठला होता, पिळासकट. तेल लावता लावता ती बोलली. आधी उड्या मारायला दोर आण म्हणाल्या. मग लांब आण. न आणलास तर पाताळ दाखवू. चांगले दोर नेले तर बाबांना कळेल म्हणून तिने कच्चा नेला, आणि कच्चा कळला तर त्या मारतील म्हणून गाठ मारली. दोर कशाला हवा ते तिला आधी माहीत नव्हतं. कळलं तेव्हा तो त्यांच्याकडे होता. मग रोज भीती, की आज कोण उतरेल आणि आज तुटेल. आणि आज बोबड्याची पाळी होती, म्हणून ती गेलीच.

"मग सांगितलं का नाहीस गं मला?"

"तू मागे सांगितलंस ना शाळेत," ती म्हणाली.

हे तळ्यावरून आले. मी सगळं सांगितलं. ह्यांनी तिच्याकडे पाहिलं, वळ पाहिला, आणि भिंतीला टेकून खाली बसले.

"उद्या शाळेत जायचंय," मी म्हटलं. "दोघांनी."

"वाचली ना? झालं ते झालं," हे म्हणाले. आवाज अगदी बारीक. "बोभाटा नको. तिलाच जड जाईल. विहीर बुजवून टाकायला सांगू."

"तुम्ही मागेच चाला जन्मभर!" मी म्हटलं. फार लागेल असं बोलले. पण ह्यांनी नेहमीसारखं ऐकून घेतलं.

बोभाटा आधीच झाला होता. दुसऱ्या दिवशी मोठ्या बाईंनी शाळेच्या मोठ्या खोलीत सगळी पोरं बसवली होती, आणि आईबापही बरेच आले होते. गिरणीवाला पुढच्या खुर्चीवर, अंगावर पिठाची भुकटी तशीच. त्याची थोरली शेजारी, दोन्ही हातांना पट्ट्या. आमचे हे पार मागे भिंतीशी उभे होते. याच शाळेत शिकलेले, पण पाहुण्यासारखे अंग चोरून.

मोठ्या बाई म्हणाल्या, "खेळता खेळता दुर्दैवी प्रकार घडला. देवाची कृपा, वाईट काही झालं नाही."

"माझ्या पोरीने हाताची सालटी काढून घेतली, पण दोर सोडला नाही," गिरणीवाला म्हणाला. "ती नसती तर यांची पोर गेली होती. हेही सांगा."

दोन-चार माना हलल्या. खरंच होतं ते. खरं होतं म्हणून तर मला आणखी संताप आला.

"आणि विहिरीत उतरवलं कुणी?" मी विचारलं.

"अहो, खेळ होता तो," मोठ्या बाई मधे पडल्या. "आपण विहिरीला लोखंडी झाकण बसवू. मधल्या सुट्टीत एक शिक्षक मागे उभे राहतील. मुलांनो, कुणाला काही सांगायचंय का?"

एकही पोर हललं नाही. सगळ्यांच्या माना खाली. बोबड्याने तर दोन्ही हात मांडीखाली घातले होते. आणि तेव्हा मला विहिरीपाशी वाटली होती त्याहून जास्त भीती वाटली. तिथे निदान दोर कुठे तुटतोय ते दिसत होतं. इथे एवढी पोरं, आणि आत काय काय पीठ झालंय ते बाहेरून कळायला मार्गच नाही.

"बाई," मी म्हटलं, आणि यावेळी नखं लपवली नाहीत, "झाकण घाला, शिक्षक उभा करा, चांगलंच आहे. पण या पोरांच्या तोंडावर जे झाकण आहे ते आधी काढा. विहीर बुजली तर दांडगी पोरं माळ्यावर नेतील, माळा पाडला तर झाडावर नेतील. मी तक्रार घेऊन आले होते तेव्हा तुम्ही मला आंघोळ घालायला सांगितलीत. त्यानंतर माझ्या पोरीने मलाही सांगणं सोडलं. कुणी कशाला सांगेल?"

मोठ्या बाई लाल झाल्या. माझं बोलणं तिथेच संपलं, पुढे काय करायचं ते मला ठाऊक नव्हतं.

तेव्हा बारकी उठली. "मला उतरवलं होतं," ती म्हणाली आणि तिने हात वर केला. हात पुरता वर जाईना, वळ दुखत होता, तरी दुसऱ्या हाताने कोपर धरून तिने तो वर केला. बाही खाली सरकली आणि काखेखालचा लाल पीळ सगळ्यांना दिसला. "आणखी कुणाकुणाला उतरवलंय, त्यांनी हात वर करा. मी केलाय."

मग बोबड्याने मांडीखालचा हात काढला. "मला नाही उतलवलं. पन उतलवनाल होते," तो म्हणाला आणि त्याने हात वर केला. मग खिडकीपाशी एक हात. मग त्याच्या मागे दोन. मग हात इकडून तिकडून येत राहिले, मुलींचे, मुलांचे, वरच्या वर्गातल्या मिसरूड फुटलेल्यांचेसुद्धा. आया तोंडावर हात घेऊन आपापल्या पोरांकडे बघत होत्या. ताईसाहेबच्या मागे शेपटासारख्या फिरणाऱ्यांतल्या एकीचाही हात वर होता.

गिरणीवाल्याची थोरली बापाच्या शेजारी बसून आपल्या पट्ट्यांकडे बघत होती. मग तिने पट्टी बांधलेला हात वर केला.

"तू कशाला? खाली घे," गिरणीवाला दबक्या आवाजात म्हणाला.

"मला पहिलीत असताना," ती म्हणाली. हात खाली घेतला नाही.

मला माझी पोर बघायची होती, मी वळले. आणि मागे भिंतीशी मला आमचे हे दिसले. काळा पडलेला, तागाने चिरलेला हात त्यांनी वर केला होता. सगळ्या खोलीसमोर, पोरासारखा. इतकी वर्षं एका अंगणात काम केलं, एका ताटाशी बसलो, आणि या माणसाने मला कधी एका शब्दाने सांगितलं नव्हतं.

"पुरे, पुरे," मोठ्या बाई कशाबशा म्हणाल्या. "हात खाली घ्या सगळ्यांनी."

"घेऊ नका," मी म्हटलं. "बाईंना नीट बघू दे."